अनगोळात दर काय चाललाय?

यंदा संक्रांतीला घरी गेलो. बेंगळुरूहून रात्री निघालेली गाडी सकाळी बेळगावात पोचली. रिक्षा करून अनगोळात आलो, पाय धुतले, आईनं चहा ठेवला. एरवी बाबांचा पहिला प्रश्न "झोप झाली काय?" हा असतो. या वेळी त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि विचारलं, "शेजारी सात मजली बिल्डिंग झाली, तर आपल्या घराचा दर वाढतो की पडतो रे?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. घरच्यांच्या मते जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्या लॅपटॉपमध्ये असतात. "बघून सांगतो," म्हणालो. ते बघण्यात सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांची ही गोष्ट, आणि त्या निमित्तानं आमच्या अनगोळचीही.

अनगोळ म्हणजे बेळगावचं दक्षिणेकडचं उपनगर. तुम्ही कधी आलात तर गोवावेस, आरपीडी क्रॉस अशी नावं विचारत या, कुणीही वाट दाखवेल. आरपीडी म्हणजे राणी पार्वतीदेवी कॉलेज. पु. ल. देशपांडे तिथं काही काळ शिकवायला होते आणि त्यांचे रावसाहेब याच गावचे. त्यामुळं मी बेळगावचा म्हटल्यावर पुण्या-मुंबईची मंडळी हमखास रावसाहेबांच्या थाटात दोन वाक्यं बोलून दाखवतात. टिळकवाडीत पत्ता सांगायला चौकांपेक्षा रेल्वे गेटं जास्त उपयोगी: पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. तिथून पुढं आमचं गाव. कलावती आईंचं हरिमंदिर अनगोळातच आहे, त्यामुळं दूरदूरचे भक्त आमच्या गावाचं नाव ओळखून असतात.

जुनं अनगोळ अजून गावच आहे. अरुंद गल्ल्या, कौलारू घरं, कुठं कुठं दारात म्हैस. त्याच्याभोवती गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत वाढलेल्या कॉलन्या. आणि कॉलन्या संपल्या की शिवार. येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढून मागं पाहिलं, की हा सगळा पट्टा एका नजरेत येतो. गडावर आता शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा आहे, लोक त्याच्यासोबत फोटो काढायला जातात. फोटो झाल्यावर दोन मिनिटं तटावर उभं राहून खालीही बघावं. पावसाळ्यात हिरवे चौकोन दिसतात आणि त्या चौकोनांत दरवर्षी थोडं आणखी पुढं सरकलेलं सिमेंट.

अनगोळ, शहापूर, वडगाव, येळ्ळूर हे शिवार बेळगावी बासमतीचं. माझ्या लहानपणी एका घरात ते तांदूळ शिजले की चार घरांत वास जायचा. पण त्याचं पीक कमी येतं, म्हणून बरेच शेतकरी इंद्रायणी, इंटान अशा भातांकडं वळले. भात कापलं की जमिनीतल्या ओलीवरच मसूर, वाटाणा, हरभरा घेतात. संक्रांतीच्या सुमारास शिवारात गेलात तर हे सगळं उभं असतं.

कॉलन्या का आल्या, तेही साधं आहे. जवळच उद्यमबाग. तिथं फाउंड्र्या, मशीन शॉप. गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९७९ मध्ये सुरू झालं. नोकरी मिळाली, कॉलेज जवळ आलं, की माणसाला तीन गुंठे जागा हवीशी वाटते. नव्या पिढीतल्या वाचकांसाठी सांगतो: एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. बाबांनी १९९३ साली तीन गुंठे घेतले आणि तीन वर्षांनी घर बांधलं. आमची गल्ली म्हणजे ओळीनं अकरा घरं. ओळीच्या मागं शेत, आणि त्या शेतातच आता बिल्डिंग होणार होती.

बातमी अशी होती: मागची दीड एकर जमीन एका बिल्डरनं घ्यायचं ठरवलंय. दोन इमारती, तळमजल्यावर पार्किंग आणि वर सात मजले. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं रंगीत चित्र फिरत होतं. चित्रात इमारतीपुढं कारंजं होतं आणि आमची अकरा घरं मात्र नव्हती. त्या जागी झाडं दाखवली होती.

रविवारी संध्याकाळी देवळाच्या मंडपात सभा झाली. खुर्च्या कमी पडल्या. बँकेतून निवृत्त झालेले एक काका पहिल्यांदा बोलले. "बिल्डिंग आली की रस्ता रुंद होतो, दुकानं येतात. आज गुंठ्याला जो दर आहे तो दोन वर्षांत दीडपट होणार. विरोध करणारे स्वतःचंच नुकसान करून घ्यायला लागलेत." उद्यमबागेत कारखाना असलेले शेजारी उठले. "दर वाढून काय करता? एवढे फ्लॅट म्हणजे तेवढ्याच गाड्या. वीस फुटी गल्लीत त्या जाणार कुठनं?" कोपऱ्यावरच्या वैनींना पाण्याची काळजी. राकसकोप आणि हिडकलचं पाणी शहराला येतं. २००८ च्या सुमारास शहराच्या काही भागात चोवीस तास पाणी सुरू झालं, पण आमच्याकडं अजून नळाच्या दिवसाप्रमाणं घरातली कामं ठरतात. कुणी म्हणालं, सातव्या मजल्यावरून आमच्या मागच्या दारी बघतील, बायकांनी कपडे वाळत घालायचे कुठं? कुणी म्हणालं, बिल्डरला तीन मजल्यांवर आणूया. एकानं तर हळूच सुचवलं, की आपणही अकरा जणांनी मिळून आपल्या जागा त्यालाच देऊन टाकूया.

मी लॅपटॉप उघडून एक तक्ता तयार करत बसलो होतो. आसपासचे दर, कुणी कितीला विकलं, कधी विकलं. अर्ध्या तासात माझ्या लक्षात आलं, की तक्त्यातला प्रत्येक आकडा "म्हणे" वर उभा आहे. आणि दुसरी गोष्ट अशी, की सभेत "दर" हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जात होता. विकून जाणाऱ्याला जागेचा दर कळतो. तिथंच राहणाऱ्याला घराची किंमत लागते: उजेड, वारा, पाणी, झोप. इमारत आली की पहिला वाढू शकतो आणि त्याच वेळी दुसरी घसरू शकते. शिवाय कर्नाटक सरकारनं १ ऑक्टोबर २०२३ पासून जमिनींची मार्गदर्शक मूल्यं वाढवली, आणि घरपट्टी त्या मूल्याशी जोडलेली आहे. म्हणजे भाव वाढला की विकणाऱ्याच्या हातात पैसे येतात आणि न विकणाऱ्याच्या हातात जास्तीची पावती. मी हे सांगितलं. दोघांतिघांनी मान हलवली, बाकीच्यांना ते इंजिनिअरचं बोलणं वाटलं.

तेवढ्यात मागून आक्का उभ्या राहिल्या. जमीन त्यांच्या घरची. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखतात, तरी काठी न घेता आल्या होत्या.

"तुम्ही सगळ्यांनी इथं घरं बांधलासा, तेव्हा आमच्या सासऱ्यांनी सभा घेतली काय? ही पण भाताचीच जमीन की. गुंठ्याला जो दर आला तो घेतला, लेकींची लग्नं केली. आता पोराला शेती नको. मजुरी परवडत नाही. तुम्हाला मागच्या दारी हिरवं बघायला पायजे म्हणून मी मसूर पेरत बसू काय?"

मंडपात कुणी काही बोललं नाही. बाबांनी चष्मा काढून पुसला. सभा तशीच संपली.

आक्का खोटं बोलत नव्हत्या. २०२० मध्ये कर्नाटकानं जमीन सुधारणा कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली. तेव्हापासून त्यांच्या दारात गिऱ्हाईकं येतच होती. आणि शिवाराला फक्त बिल्डरचाच धक्का बसलाय असंही नाही. हलगा ते मच्छे हा नऊ-साडेनऊ किलोमीटरचा बायपास याच सुपीक पट्ट्यातून काढलाय. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं, कोर्टात गेले, स्थगिती मिळवली. नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकात काम पुन्हा सुरू झालं, तेव्हाची दृश्यं बेळगावात कुणी विसरलेलं नाही. त्या दिवशी आम्ही कॉलनीवाल्यांनी टीव्हीसमोर हळहळ केली होती. सभा मात्र आम्ही आपल्या कंपाऊंडला इमारत टेकली तेव्हा घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आक्कांच्या शेतात गेलो. मनात थोडी शरम होती. त्यांचे धाकटे दीर तिथं वाटाणा काढत होते. मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी मूठभर शेंगा हातावर ठेवल्या आणि म्हणाले, "मजल्यांचं काय घेऊन बसलाय? सात होऊ देत नाहीतर सतरा. मला एवढं सांग, पाणी कुठनं काढणार?"

मग त्यांनी बांधावरून चालत मला दाखवलं. पावसाळ्यात वरच्या अंगाचं सगळं पाणी या शेतांत उतरतं. भाताला पाणी लागतंच, त्यामुळं बांध घालून ते अडवलेलं असतं. जास्तीचं एका शेतातून दुसऱ्या शेतात, तिथून चरात आणि चरातून बळ्ळारी नाल्याकडं. म्हणजे दीड एकर भात म्हणजे पावसाळ्यापुरतं उथळ तळंच. बिल्डर तिथं तीन-चार फूट भराव टाकणार. मग ते पाणी थांबणार नाही, ते खाली येणार. आणि खाली आमची गल्ली.

२०१९ चा ऑगस्ट मला आठवला. त्या पावसात बेळगाव जिल्ह्याचे फार हाल झाले. बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात पसरलं, आणि आमच्या गल्लीत पहिल्यांदाच गुडघाभर पाणी आलं. आईनं गव्हाचे डबे कॉटवर ठेवून रात्र काढली. तेव्हा आम्ही महापालिकेला नावं ठेवली, आभाळाला ठेवली. चराबद्दल कुणी बोललं नाही. तो चर गेला कुठं, हा प्रश्न माझ्याही डोक्यात आला नव्हता.

"चर कुठंय, काका?" मी विचारलं. ते हसले. "तुझ्या बाबांच्या कागदात बघ."

घरी येऊन ट्रंक उघडली. खरेदीपत्र कन्नडमध्ये. बाबा मराठी शाळेत शिकलेले. बोलतात कन्नड, पण वाचताना अडखळतात. तीस वर्षांपूर्वी लेखनिकानं बोट ठेवलं तिथं त्यांनी विश्वासानं सही केली होती. मी शाळेत कन्नड शिकलो म्हणून वाचू शकलो. शेवटच्या पानावर चतुःसीमा असतात, म्हणजे जागेच्या चारी बाजूंना काय आहे त्याची नोंद. उत्तरेस शेजारी, दक्षिणेस शेजारी, पश्चिमेस रस्ता. पूर्वेस "कालुवे", म्हणजे पाण्याचा चर, आणि त्यापुढं विकणाऱ्याची शेतजमीन.

आमच्या पूर्वेला चर नाही. आमच्या पूर्वेला कंपाऊंडची भिंत आहे, भिंतीला लागून सिमेंटचा कट्टा आणि कट्ट्याशेजारी आईचा मोगरा. टेप लावून मोजलं. भिंत दीड फूट पुढं होती. शेजाऱ्यांची दोन फूट. त्यापुढच्यांनी स्लॅब टाकून गाडीची शेड केली होती. अकराच्या अकरा घरांनी थोडं थोडं पुढं येऊन एक अख्खा चर गिळला होता. कुणीच चोर नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, मागं तर शेतच आहे, दीड फुटानं काय होतं?

त्यानंतर आम्ही चौघं जण कागद बघायला लागलो. हे तुम्हालाही कधी करावं लागेल, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. गावाकडं तुमचंही घर असेल, आई-वडील असतील, आणि शेजारी एक दिवस रंगीत चित्राचा फलक लागेल. आठपेक्षा जास्त फ्लॅट असतील किंवा जागा ५०० चौरस मीटरहून मोठी असेल, तर तो प्रकल्प रेरामध्ये नोंदवावाच लागतो. नोंदणीआधी जाहिरात करता येत नाही, विक्रीही करता येत नाही. नोंदणी झाली की मंजूर नकाशा वेबसाइटवर कुणालाही बघता येतो. त्याआधी कागद हवे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. शेतीचा उतारा तर कर्नाटकात २००० सालच्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पात संगणकावर आला. सुमारे दोन कोटी नोंदी होत्या त्या. इंजिनिअरिंगला असताना याचं उदाहरण आम्ही परीक्षेत लिहिलंय. स्वतःच्या गल्लीचा उतारा मात्र मी पहिल्यांदाच काढत होतो.

कागद बघताना इमारतीचे मजले सगळ्यात शेवटी बघा. आधी एनए झालंय का. मग रस्त्याची रुंदी नकाशावर किती आणि जागेवर किती. आणि मग पावसाचं पाणी कुठं सोडलंय. आमच्या बाबतीत त्या इमारतीच्या नकाशात एक बाण होता आणि बाणाच्या टोकाशी लिहिलं होतं, "सध्याच्या चरात". सध्याचा चर म्हणजे आमचा कट्टा.

आता गंमत बघा. तक्रार करायची तर सांगावं लागणार, की नकाशात दाखवलेला चर जागेवर नाही. अधिकारी पहिलं विचारणार, का नाही? म्हणजे बिल्डरच्या कागदाला हरकत घ्यायच्या आधी आम्हाला आमच्याच भिंतीला हरकत घ्यावी लागणार होती.

दुसरी सभा घेतली ती फेब्रुवारीत. या वेळी आक्कांना आणि काकांना आम्ही घरी जाऊन बोलावून आणलं, पुढं बसवलं. बाबांनी स्वतः खरेदीपत्र वाचून दाखवलं. अडखळत, पण सगळं वाचलं. बँकवाले काका चिडले. "स्वतःच्या हातानं कंपाऊंड मागं घ्यायचं? शेड गेली तर घराला गिऱ्हाईक किती कमी देईल, हिशोब केलाय काय?" तो हिशोब खराच होता. गाडीच्या शेडला बाजारात किंमत आहे. न तुंबणाऱ्या गल्लीला जाहिरातीत वेगळी ओळ नसते. कारखानेवाले म्हणाले, "मी मागं घेतो, पण सगळ्यांनी घेतलं तरच." सगळेच "सगळ्यांनी घेतलं तरच" म्हणाले. चहा झाला आणि आम्ही पुन्हा होतो तिथंच.

शनिवारी सकाळी बाबांनी एक गवंडी आणि एक मजूर बोलावला. आईला आदल्या रात्री सांगितलं असावं, कारण मोगरा तिनं पहाटेच मुळासकट काढून बादलीत ठेवला होता. दुपारपर्यंत कट्टा फुटला, भिंत उतरली. त्या कट्ट्यावर बाबा रोज संध्याकाळी बसायचे, निवृत्तीनंतर तर तेच त्यांचं ऑफिस. खाली दोन हात खणल्यावर जुन्या चराची काळी, ओली माती लागली. बाबा ती मूठभर हातात घेऊन बराच वेळ उभे होते. म्हणाले, "कुणी आपल्याला दिलं नव्हतं हे. आपण घेतलं होतं."

त्या महिन्यात आणखी चार घरांनी भिंती मागं घेतल्या. होळीपर्यंत आठ झाली. मग बिल्डरच्या माणसाशी बसून बोललो. तोही काही राक्षस नव्हता, त्याच्या फ्लॅटवाल्यांच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं असतं तर शिव्या त्यालाच बसणार होत्या. चर मोकळा होत असेल तर गल्लीच्या टोकापर्यंत पक्की नाली आपल्या खर्चानं बांधून देतो, आणि जागेत पाणी मुरवायला खड्डे करतो, असं त्यानं लेखी दिलं. मजले सातच राहिले. वीस फुटी गल्लीत गाड्यांचं काय, हा प्रश्नही तसाच आहे. तो पुढच्या सभेसाठी ठेवलाय.

आक्कांनी त्या शेतातली शेवटची मसूर आमच्याकडं दोन किलो पाठवली. आईनं त्यातली अर्धी मला बांधून दिली. "दर काय लावलाय?" बाबांनी थट्टेनं विचारलं, तर आक्का म्हणाल्या, "तुमचा कट्टा गेला, तेवढ्यात फिटलं."

जुलैत बेळगावात पाऊस लागला. नाली अर्धीच झाली होती. मी बेंगळुरूत मीटिंगमध्ये होतो, पण लक्ष फोनकडं. रात्री नऊला बाबांचा फोन आला. पाणी गल्लीत आलं होतं, पायरीपर्यंत चढलं होतं. आईनं गव्हाचे डबे उचलायला काढले होते. तासाभरानं पुन्हा फोन आला. पाणी उतरायला लागलं होतं. जिथं तीन घरांनी अजून भिंत हलवलेली नाही तिथं ते अडत होतं, फिरत होतं, पण जात होतं. बँकवाले काका छत्री घेऊन स्वतःच्या शेडपाशी उभे राहून तुंबलेलं पाणी बघत होते म्हणे.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. गवंड्याचा नंबर मागितला."

मी दिवाळीत परत जाणार आहे. तोवर अकरा होतात का बघू. आईचा मोगरा अजून बादलीतच आहे. नाली पुरी झाली की कुठं लावायचा ते ठरवू, म्हणते ती.